बिऱ्हाडांच्या आठवणी लिहिताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बदलीमुळे, नोकरीमुळे किंवा लग्न होऊन ज्या ज्या गावांत बिऱ्हाड मांडलं, तिथलं रोजचं जगणं लिहून पाठवा, असं आवाहन या मासिकानं वाचकांना केलं होतं. लेख आले, आणि लेखांपेक्षा जास्त अडचणी आल्या. पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या अडचणी इथे घेतल्या आहेत.

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. १९५४ ते १९७२ या काळात नागपूर, मुंबई, हैदराबाद, दिल्ली अशी बिऱ्हाडं झाली. कोणत्या साली कुठे होतो यावर आम्हा तीन भावंडांची तीन मतं आहेत. साल पक्कं कसं करायचं? (एक वाचक, नाशिक)

मतं बाजूला ठेवा आणि आधी कागद काढा. सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. जुन्या शाळेतून नाव काढल्याची तारीख आणि नव्या शाळेत प्रवेशाची तारीख, या दोहोंच्या मध्ये तुमचं सामान हललं. दाखला हरवला असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अंदाजे साल देऊन अर्ज केला की बऱ्याच जुन्या शाळा उतारा देतात. तिन्ही भावंडांचे दाखले शेजारी ठेवले तर निम्मे वाद तिथेच मिटतात. वडिलांच्या सेवापुस्तकाची प्रत घरात असेल तर उत्तमच. पदभार कुठे सोडला आणि कुठे घेतला, हे त्यात तारखेनिशी सापडतं. फक्त एक लक्षात ठेवा, वडील रुजू झाले म्हणजे घर हललं असं नाही. क्वार्टर मिळेपर्यंत किंवा मुलांची परीक्षा होईपर्यंत बाकीचं कुटुंब मागेच राहायचं. सेवापुस्तक आणि दाखला यांत चार-सहा महिन्यांची तफावत दिसली तर ती चूक समजू नका. लिहिण्यासारखं बरंच काही त्या तफावतीतच असतं.

यानंतर रेडिओचं लायसन्स. पोस्टातून दर वर्षी नूतनीकरण करायचं ते पुस्तक अनेकांनी उगाच जपून ठेवलेलं असतं. त्यावर पत्ता असतो आणि वर्षही कळतं. मग पत्रं. आतला मजकूर नंतर वाचा, आधी शिक्का बघा. शिक्का पुसट असेल तर कागद खिडकीशी तिरपा धरून मोबाइलनं मोठा करून पाहा. पाठवल्याचा आणि पोचल्याचा असे दोन शिक्के असतील तर दोन्ही टिपून घ्या. छापील पत्त्यात पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. तिकिटावर किंवा पावतीवर ‘नवे पैसे’ असेल तर १ एप्रिल १९५७ ते मे १९६४ या मधला, आणि आणे असतील तर बहुधा त्याआधीचा. नागपूरच्या कागदावर ‘मध्य प्रदेश’ दिसलं म्हणून गोंधळू नका. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर त्या राज्याची राजधानी होती. तिथून १ मे १९६० पर्यंत ते मुंबई राज्यात होतं. म्हणजे एकाच घराच्या पत्त्यात पाच वर्षांत तीन राज्यं येऊ शकतात.

कागद संपले की इयत्तेचा हिशोब करा. ज्यानं मार्च १९६६ मध्ये जुन्या अकरावीची एस.एस.सी. दिली तो, कुठेही नापास झाला नसेल तर, १९५९-६० साली पाचवीत होता. महाराष्ट्रात दहावीची एस.एस.सी. १९७५ पासून, त्यामुळे धाकट्या भावंडांचा हिशोब दहावीवरून मोजा. परराज्यातली बदली मध्ये आली असेल तर एक इयत्ता मागे-पुढे झालेली असू शकते. तिथे दाखल्यावरच विसंबा.

राहिलेल्या जागा सार्वजनिक घटनांनी भरतात, पण त्या नीट निवडायला हव्यात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. ‘रात्री भांडी वाजली, सगळे अंगणात आलो’ ही पुण्या-मुंबईची आठवण बहुतेकदा त्याच रात्रीची असते. पुण्याचा पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, दिल्लीची १९६३ मध्येच बंद झाली होती. म्हणून ‘१९६६ साली दिल्लीत ट्रामनं शाळेत जायचो’ असं कुणी लिहिलं तर साल चुकलंय, नाहीतर शहर. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा पडणार म्हणून उडालेली घाबरगुंडी जुलै १९७९ ची. खग्रास सूर्यग्रहणाला रस्ते ओस पडले तो दिवस १६ फेब्रुवारी १९८०.

सगळ्यात जास्त घोळ ब्लॅकआउटचा होतो. खिडक्यांना काळा कागद लावला होता हे सगळ्यांना आठवतं, युद्ध कुठलं ते आठवत नाही. १९६५ चं युद्ध ऐन सप्टेंबरात झालं, १९७१ चं ३ ते १६ डिसेंबर. भावंडांना ‘युद्ध कुठलं?’ असं विचारू नका. ‘त्या रात्री पांघरायला काय होतं?’ असं विचारा. दिल्लीत राहिलेल्याला डिसेंबरची रजई विसरणं शक्य नाही.

लग्नानंतर बडोदा, कोलकाता आणि बंगळूरला राहिले. लिहायला बसते, पण ‘लोक प्रेमळ होते, हवा छान होती’ याच्या पुढे गाडी जात नाही. (एक वाचक, पुणे)

कारण तुम्ही शहराबद्दल लिहिताय. शहर सोडा, सकाळचा पहिला तास लिहा. पाणी किती वाजता यायचं, किती वेळ टिकायचं, कशात भरायचं, कोण भरायचं. दूध घरी यायचं की आणायला जावं लागायचं, बाटलीत की भांड्यात. दिल्लीकर असाल तर १९७४ नंतर मदर डेअरीच्या बूथवर टोकन टाकून आपल्या भांड्यात सुटं दूध घ्यायची पद्धत आली. त्याआधीचं दूध वेगळं आणि नंतरचं वेगळं, ते वेगवेगळंच लिहायला हवं.

पाण्यानंतर जळण. शहराशहरांतला फरक इथे जितका उघड दिसतो तितका खाण्यातही दिसत नाही. कोलकात्याला कोळशाच्या शेगड्या पेटल्या की संध्याकाळी गल्लीत धूर साचायचा, आणि कोळशाच्या भुकटीचे गोळे घरीच वळून वाळवायचे. बंगळूरला न्हाणीघरात लाकडावर तापणारा तांब्याचा हंडा, आपल्याकडे बंब. पुण्यात भुशाची शेगडी. ती भरायची म्हणजे मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा आणि बाटली अलगद ओढून काढायची. भुसा ओला किंवा सैल असला की मधली पोकळी ढासळायची आणि शेगडी नुसती धुमसत राहायची.

स्टोव्ह तर सगळ्यांकडे होता, पण ‘आई स्टोव्हवर स्वयंपाक करायची’ एवढ्यावर लेख पुढे पळतो. पंपाचा की वातींचा, ते आधी लिहा. पंपाचा असेल तर तो कसा पेटायचा ते लिहा. टाकी काठोकाठ भरायची नाही, हवेला जागा ठेवायची. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं. ते संपत आलं की हवेचा स्क्रू आवळून पंप मारायचा. घाई केली तर बर्नर पुरता तापलेला नसतो, रॉकेलची वाफ होत नाही आणि पिवळा भडका उडून भांडं काजळतं. आवाज मध्येच बसला की भोक तुंबलं, मग पिन मारायची. पंप ढिला लागला की आतलं कातड्याचं वायसर सुकलं, त्याला तेलाचा थेंब. हे सहा-सात ओळींत उतरलं की वाचणाऱ्याला तो आवाज ऐकू येतो, ‘ते दिवस कष्टाचे होते’ असं वेगळं लिहावं लागत नाही.

एक सावधगिरी. जळणाच्या बाबतीत नंतरचं घर आधीच्या घरात घुसतं. इंडेनचा गॅस १९६५ मध्ये सुरू झाला. मुंबईत काही घरांत त्याआधी बर्शेन नावाचा गॅस होता, पण लहान शहरांत पुष्कळ वर्षं गॅस नव्हताच. १९५८ च्या बिऱ्हाडात ओट्यावर शेगडी आणि खाली लाल सिलिंडर आठवत असेल तर ते स्वयंपाकघर बहुधा पुढच्या गावातलं आहे. टीव्हीचंही असंच. दिल्लीत १९५९, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२, पुण्यात १९७३, कोलकाता आणि मद्रासला १९७५, आणि रंगीत १९८२.

तेव्हाचे भाव लिहिताना आणे, शेर, पायली यांचं आजच्या मापात रूपांतर कसं करावं? (एक वाचक, सोलापूर)

शक्यतो करू नका. मूळ आकडा जसाच्या तसा लिहा आणि पहिल्यांदा येतो तिथे एकदाच खुलासा द्या.

पैशाचा हिशोब सोपा आहे. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ जुने पैसे, पैशाच्या ३ पई. १९५७ नंतर दोन्ही नाणी काही काळ सोबत चालली, तेव्हा एक आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीनला १९ आणि चारला २५ नवे पैसे धरायचे. आणा म्हणजे खरा सव्वासहा पैसे, ते अपूर्णांक कुठेतरी खपवायला हवे होते. ‘दुकानदार एक पैसा मारायचा’ ही त्या काळची सार्वत्रिक तक्रार यातूनच आलेली, ती खोटी नाही. हैदराबाद संस्थानातल्या आठवणी असतील, म्हणजे औरंगाबाद, नांदेड, परभणीसुद्धा, तर रुपया हाली (निजामाचा) की कलदार (ब्रिटिश भारताचा) ते विचारून घ्या. सात हाली म्हणजे सहा कलदार. हाली नाणं संस्थान विलीन झाल्यावरही काही वर्षं चालत होतं.

मापांचं प्रकरण जास्त फसवं. आपल्याकडे शेर वजनाचाही आणि मापाचाही. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, पण मुंबईचा बाजारशेर याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. मापी शेरात तर ज्वारी, तांदूळ आणि शेंगदाणे यांचं वजन वेगवेगळंच भरणार. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. ‘चार शेर तांदूळ’ याचे सरसकट पावणेचार किलो करून टाकले की मुंबईच्या घरात एकदम तिप्पट भात शिजतो. किलो-लिटर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आले आणि १९६२ मध्ये सक्तीचे झाले, त्यामुळे १९६० च्या आसपास एकाच घरात दोन्ही मापं असणं स्वाभाविक आहे.

आजच्या रुपयांत ते किती होतात, हे तर नकोच. त्याऐवजी पगाराशी जोडा. पगार एवढा, भाडं एवढं, दूध-वाण्याचं एवढं, हे एका ओळीत आलं की कळायचं ते कळतं.

जुने फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये घट्ट बसलेत, काही फ्रेमच्या काचेला चिकटलेत, आणि मुंबईच्या पावसानं काहींवर बुरशी आली आहे. (एक वाचक, डोंबिवली)

काहीही सोडवायच्या आधी, आहे त्या स्थितीत प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. सोडवताना फाटलं तरी प्रतिमा हाताशी राहते, आणि कुठला फोटो कुठल्या फोटोशेजारी होता हेही राहतं. साल ठरवताना तोच क्रम उपयोगी पडतो.

चिकट पानांवरचा, वर पारदर्शक पातळ पापुद्रा असलेला अल्बम सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरोघरी होता, आणि फोटोंना त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. त्यातला गोंद वर्षांनुवर्षं पिवळा आणि कडक होत जातो. पापुद्रा काढा. दात साफ करायचा धागा, म्हणजे डेंटल फ्लॉस, दोन्ही हातांत ताणून फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हळू पुढे-मागे करत न्या. फोटो वाकवून उपटू नका, वाकवला की वरचा थर तडकतो. धागा अडला तर तिथेच थांबा आणि फोटोभोवतीचं पान कात्रीनं कापून पानासकट ठेवा. मागचा पुठ्ठा राहिला म्हणून काही बिघडत नाही.

काचेला चिकटलेला फोटो घरी सोडवू नका. काचेसकटच स्कॅन करा. काच स्कॅनरवर बसत नसेल तर खिडकीच्या उजेडात फ्लॅश न वापरता, मोबाइल काचेला समांतर धरून फोटो घ्या. तुमचं प्रतिबिंब पडत असेल तर काळं कापड पुढे धरून त्याला मोबाइलपुरतं भोक पाडा. पाण्यात भिजवायचा सल्ला बरेच जण देतात. काही जुन्या कागदांना ते चालतं, काहींचा थर काचेवरच राहतो. आपला कुठला ते कळत नसेल तर तो प्रयोग करू नये.

बुरशी ओल्या फडक्यानं कधीच पुसू नका, ती वरच्या जिलेटिनच्या थरात आणखी चोळली जाते. फोटो सावलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर सुकू द्या. सुकले की मऊ ब्रशनं, गॅलरीत उभं राहून, तोंडाला मास्क लावून झटका. डाग राहतील, ते राहू द्या. ठेवताना बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, कारण पावसाळ्यात ओल तिथूनच येते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवायच्या किंवा बदलायच्या. पावसाळ्यात डबा उघडूच नका, हे काम डिसेंबर-जानेवारीचं. निगेटिव्हना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा आणि आधी त्या स्कॅन करा, कारण तो वास म्हणजे फिल्म कुजायला लागल्याची खूण आहे.

स्कॅन करताना नेहमीच्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पुरे. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याच्या लहान चौकोनी छापाला १२००. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि आईच्या अक्षरातली ओळ तिथेच असते. मागे बॉलपेननं लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. फाइलला नाव असं द्या : साल, गाव, मोहल्ला, क्रमांक, उदाहरणार्थ ‘१९६८-नागपूर-धंतोली-०३’. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’ हा शब्द नावातच टाका. आज तुम्हाला आठवतंय की ते अंदाजे आहे, नातवंडांना ते पक्कं वाटेल. आणि लॅमिनेशन? कुणी कितीही सांगो, नाही.

आई ८४ वर्षांची आहे. तिच्याकडून इंदूर आणि जबलपूरच्या आठवणी काढून घ्यायच्या आहेत. रेकॉर्डिंग सुरू केलं की ती गप्प होते, किंवा तीच एक गोष्ट पुन्हा सांगते. (एक वाचक, सांगली)

‘आठवणी सांग’ म्हटलं की कुणीही गप्प होईल. कागद-पेन्सिल पुढे ठेवा आणि त्या घराचा नकाशा काढायला सांगा, हात थरथरत असेल तर तुम्ही काढा आणि तिला चुका काढू द्या. दार कुठल्या दिशेला, मोरी कुठे, देव कुठे, पाहुणा आला तर कोण कुठे निजायचं. चुका दुरुस्त करताना माणसं भडाभडा बोलतात, आणि तीच ती गोष्टही आपसूक बाजूला पडते.

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून तिच्यापासून हातभर अंतरावर, टेबलावर रुमालाची घडी करून त्यावर ठेवा. थेट लाकडावर ठेवला तर कपबशी ठेवल्याचा प्रत्येक आवाज ठोक्यासारखा येतो. पंखा बंद, कुकरची वेळ टाळून. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव तुम्ही बोला. पाऊण तासाहून जास्त बसू नका. तिनं चुकीचं साल सांगितलं तर मध्येच दुरुस्त करू नका, बोलणं तुटतं. साल नंतर दाखल्यावरून लावता येईल. ऐकून उतरवताना तिचे शब्द तसेच ठेवा. इंदूरकडे राहिलेल्या माणसाची मराठी वेगळी असते, ती ‘शुद्ध’ करायला घ्याल तर इंदूरच निघून जाईल.

बॉम्बे लिहावं की मुंबई, बँगलोर की बंगळूर? (एक वाचक, ठाणे)

मराठीत मुंबई नेहमीच मुंबई होती, तेव्हा निवेदनात मुंबईच. जुन्या पत्त्यात, पावतीवर, पाटीवर जे होतं ते मात्र तसंच उतरवा. १९८५ च्या लेखात ‘सीएसएमटीला उतरलो’ नको. तेव्हा ते व्ही.टी. होतं. सी.एस.टी. १९९६ मध्ये झालं, सीएसएमटी २०१७ मध्ये. चेन्नई १९९६ मध्ये, कोलकाता २००१ मध्ये, बेंगळुरू २०१४ मध्ये अधिकृत झालं. एका लेखात एकच पद्धत ठेवा, एवढंच.

शेजाऱ्यांची खरी नावं द्यावीत का? भांडणंही लिहायची आहेत. (एक वाचक, कोल्हापूर)

चांगलं लिहिताना नाव चालेल, तरी ते किंवा त्यांची मुलं हयात असतील तर विचारून घ्या. भांडण, आजार, कर्ज, व्यसन, लग्न मोडणं यातलं काही असेल तर नाव बदला, आणि नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘आमच्या वरच्या मजल्यावरचे, रेल्वेत गार्ड असलेले, तीन मुलींचे वडील’ एवढं दिलं की त्या वाड्यातले सगळे ओळखतात. मजला, नोकरी किंवा मुलांची संख्या यातलं काहीतरी हलवा आणि लेखाखाली एका ओळीत तसं नमूद करा. नळावरचं भांडण मात्र जरूर लिहा. पाणी किती वेळ यायचं, हे त्याशिवाय कुणाला पटत नाही.

आमची चाळ पाडली, गल्लीचं नावही बदललं. ती जागा नेमकी कुठे होती ते कसं शोधू? (एक वाचक, नवी मुंबई)

न हलणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा : देऊळ, मशीद, चर्च, रेल्वेचा पूल, जुनी शाळा, पोलिस चौकी. अशा दोन-तीन जागा आजच्या नकाशावर टिंबांनी दाखवा आणि चाळीपासून त्या चालत किती मिनिटांवर होत्या ते प्रत्येकाशेजारी लिहा. लहानपणीची मिनिटं थोडी कमी करून धरा, मुलांची पावलं लहान असतात. तेवढ्या अंतराचं वर्तुळ प्रत्येक टिंबाभोवती काढा आणि वर्तुळं जिथे छेदतील तिथे शोधा. पाडकाम गेल्या वीसेक वर्षांतलं असेल तर संगणकावर गुगल अर्थ उघडून त्यातली जुन्या छायाचित्रांची कालपट्टी मागे सरकवा, कौलारू छपरं ओळखू येतात. त्याआधीचं असेल तर मालमत्ता पत्रक. सिटी सर्व्हे नंबर माहीत असेल तर ते भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावर किंवा नगर भूमापन कार्यालयात मिळतं. नंबर माहीत नसेल तर जुन्या भाडेपावत्या, खरेदीखत किंवा घरपट्टीची पावती यावर तो बहुधा असतो. वस्तीचं जुनं वर्णन हवं असेल तर जिल्हा गॅझेटिअर बघा. मुंबईचं १९०९-१० चं तीन खंडांचं आहे, आणि राज्य सरकारनं काढलेली पुढची अनेक गॅझेटिअर संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यात गावांची आणि ठिकाणांची प्रकरणं शेवटी असतात, तिथूनच वाचायला घ्या.